संत निकोलसचा उजवा कान

२६ मार्च, गुरुवार

घेतलं! मार्लबरी कॉलेजने आमच्या ल्यूबाला घेतलं!

चर्चच्या तळघरात होते. कोपरापर्यंत बटाटा. गुरुवारी आम्ही बायका पिएरोगी करतो — मी सारण मळते, बाकीच्या लाटतात, भरतात, कडांना मुरड घालतात, उकळत्या पाण्यात सोडतात. उपवासाच्या शुक्रवारी अख्खं गाव रांग लावून नेतं. तर ल्यूबा शाळेतून थेट आली, जिन्यावरून धडधडत उतरली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. माझ्या चष्म्यावर पीठ. म्हटलं, तूच वाच ना गं बाई! तिला वाचता येईना, रडायलाच लागली. शेवटी मुरड घालणाऱ्या स्टॅशाने मोठ्याने वाचलं. मी तशीच मिठी मारली. पोरीच्या काळ्या कोटावर माझे दोन पांढरे पंजे उठले.

घरी आल्यावर मायरनला सांगितलं. माझा धाकटा भाऊ, ल्यूबाचा बाप. नदीच्या बंधाऱ्यावर दारं उघडून कोळशाच्या होड्या पलीकडे सोडतो. बोलतोही तसाच. एक दार उघडतं, मग बराच वेळ काही नाही. "शाब्बास पोरी," म्हणाला. सूप अर्धं संपल्यावर म्हणाला, "फी किती?"

ल्यूबाने आकडा सांगितला. उरलेलं सूप तिघांचंही तसंच राहिलं.

२७ मार्च, शुक्रवार

पाय सुजलेत. सगळं विकलं गेलं. जो येईल तो अभिनंदन करत होता आणि मी दात दाखवत होते.

२९ मार्च, रविवार

आज प्रार्थनेत माझं लक्ष सगळं त्या कानाकडे.

आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे संतांची भिंत आहे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने खाणीतल्या मजुरीतून रंगवून घेतलेली. इतक्या वर्षांच्या मेणबत्त्यांचा धूर बसून सगळे संत आता कोळशाचे झालेत. फक्त निकोलसचा उजवा कान गुलाबी आहे. ल्यूबा तेरा वर्षांची होती. कापसाचा बोळा तोंडात ओला करायची आणि कानावर हळूहळू फिरवायची. फादर बेझिलनी पकडलं. "संताच्या तोंडावर थुंकतेस?" "तोंडावर नाही फादर, कानावर." काय ते उत्तर! उन्हाळाभर मेणबत्तीदाण्या घासायची शिक्षा झाली. पण तेव्हापासून पोरीने एकच धरून ठेवलंय — जुनी चित्रं वाचवायची. मार्लबरीत त्याची म्हणून खास प्रयोगशाळा आहे. चौदाव्या वर्षापासून त्या खोलीचं चित्र हिच्या पलंगाच्या डोक्याशी आहे.

आणि दुसरीकडे डोंगरापलीकडचं राज्याचं कॉलेज. गाडीने पाऊण तास. तिथेही घेतलंय, फी झेपणारी आहे, रसायनशास्त्र चांगलं आहे म्हणतात. मार्लबरीची सूट धरूनसुद्धा वर्षाची फी म्हणजे आमच्या या घराची निम्मी किंमत. एक मेपर्यंत सांगायचंय.

"आत्या, तुला काय वाटतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "जा! असली संधी सोडतात का? जा!"

आता खरं लिहिते. इथे कोण वाचतंय! नको जाऊस गं. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, माझ्या स्वेटरचं टोक मुठीत धरून झोपायचीस. तू गेलीस की या घरात मी, मायरन आणि फ्रीजचा आवाज.

२ एप्रिल, गुरुवार

माझ्या जिभेला काही हाड? छे!

स्टॅशा समोर बसून मुरड घालत होती. नातवाचं पुराण चालू — ग्रेगरी किती मोठ्या कॉलेजात गेला, तिथे जेवायला म्हणे मेणबत्त्या लावतात. मग मान तिरकी करून, "तुमच्या ल्यूबाचं काय? फी ऐकून मायरनला घेरी आली म्हणे. जाईल आपली डोंगरापलीकडे, बरंच आहे की तेही."

बरंच आहे! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "मार्लबरीलाच जाणार ती! अडलं तर आम्ही पिएरोगी विकू, पण जाणार!"

म्हणजे एक म्हणायचं म्हणून म्हटलं. तर स्टॅशाने हातातला गोळा खाली ठेवला. मला वाटलं आता टोमणा येणार. तर डोळ्यांत पाणी! "अगं, मग तू एकटी का विकशील? आम्ही मेलोय का?" झालं. सगळ्या बायका उठल्या, एकच कलकलाट. ईस्टरनंतरचे चार गुरुवार ल्यूबासाठी. मी नको-नको म्हणतेय तर मला कोण ऐकतंय!

सतरा वर्षं या बाईशी माझं पटत नाही, आणि आज तिनेच माझ्या पोरीला लांब पाठवायची व्यवस्था केली.

५ एप्रिल, ईस्टर

ख्रिस्त उठला. आणि आमच्या घरात सगळे रुसले.

सकाळी टोपल्या आशीर्वादाला नेल्या. हॅम, गोड पाव, लोण्याचं कोकरू — यंदा कोकराचा एक डोळा मिऱ्याचा आणि एक लवंगेचा, मिरे संपले होते. सगळं छान चाललं होतं. शेवटी फादर बेझिल उभे राहिले. "आपल्या ल्यूबाला मार्लबरीला पाठवायचं आहे. पुढचे चार गुरुवार—" आणि सगळं चर्च टाळ्या वाजवतंय! बाहेरच्या फलकावर 'ख्रिस्त उठला'च्या खाली 'ल्यूबासाठी पिएरोगी' लागलंसुद्धा.

मी तिच्याकडे पाहिलं. कानापर्यंत लाल.

घरी आल्यावर तिने टोपली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, मी अजून ठरवलंसुद्धा नाही. तू मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

६ एप्रिल, सोमवार

अबोला. तिच्या आवडीची बीटाची चटणी केली. ताटात तशीच राहिली.

९ एप्रिल, गुरुवार

पार पिट्सबर्गपासून मागण्या. पीठ दोनदा आणावं लागलं. स्टॅशाचा गुडघा गेल्या वर्षीच बदललाय, बसून कर म्हटलं तर ऐकेना. "उभ्याने मुरड चांगली पडते." सगळ्यांना वाटतंय ल्यूबा परीक्षेचा अभ्यास करते म्हणून आली नाही. मीच सांगितलं तसं.

११ एप्रिल, शनिवार

मार्लबरीचा सदरा आला टपालाने. हिरवागार, छातीवर नाव. मीच मागवला होता, तिचा रुसवा जावा म्हणून — आणि खरं सांगायचं तर स्वतःलाच पटवायला. एक मेला शाळेतली सगळी मुलं आपापल्या कॉलेजचा सदरा घालून जातात ना.

ल्यूबाने घडी उलगडली, परत घातली. मग माझ्या पलंगावर येऊन बसली. सहा दिवसांनी!

"आत्या, मला त्या पिएरोगी बघवत नाहीत. प्रत्येकीवर कुणाची ना कुणाची बोटं आहेत. समजा तिकडे जाऊन मला नाहीच जमलं तर? नाहीच आवडलं तर? मी स्टॅशाकाकूंच्या गुडघ्याला काय सांगू?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग ती माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली. केस हुंगले. अजून तसाच वास.

मी म्हटलं, "कुणी परत मागणार नाही गं." ती म्हणाली, "तेच तर वाईट आहे."



१८ एप्रिल, शनिवार

मार्लबरी बघून आलो. दिवसभराचा रस्ता. मायरनने आयुष्यात पहिल्यांदा दोन दिवसांची रजा टाकली. सगळा प्रवास तो एकच वाक्य बोलला — "इथले खड्डे बुजवलेले आहेत."

देवा, काय सुंदर आहे! मला कुठेतरी खोट काढायची होती. काढूच शकले नाही. दगडी इमारती, सफरचंदाची झाडं, जेवणही चांगलं (सूप अळणी, पण ते सगळीकडेच). आणि ती खोली! उत्तरेच्या मोठ्या खिडक्या, लांब टेबलं, टेबलावर एक जुनी मेरी आडवी ठेवलेली, गालावर कापसाएवढी जागा उजळलेली. ल्यूबा काचेला नाक लावून उभी राहिली. आमच्याबरोबर फिरणारी तिथली मुलगी म्हणाली, "पहिली दोन वर्षं आपण इथूनच बघतो. हात लावायला तिसऱ्या वर्षी मिळतं." ल्यूबाने नुसती मान हलवली. नंतर तिथल्या मुलांबरोबर गवतात बसून काहीतरी बोलत होती आणि पोटातून हसत होती. असं हसताना मी तिला घरी कधी बघितलं नव्हतं.

मायरन माझ्या शेजारी टोपी हातात घेऊन उभा. "ताई," म्हणाला, "मी कर्ज काढतो. निवृत्ती जरा पुढे ढकलू." मी म्हटलं, "किती पुढे?" म्हणाला, "दारं तर उघडायची आहेत. बसून काय करू?"

परतताना ती माझ्या खांद्यावर झोपली. खांदा बधिर झाला, पण हलले नाही. गेलीच आता, असं धरून चालले.

२३ एप्रिल, गुरुवार

आज आपली आपण तळघरात आली! एप्रन बांधला आणि स्टॅशाच्या शेजारी उभी. मुरड काय घातली, अहाहा! उकळत्या पाण्यात टाकल्याबरोबर निम्म्या फुटल्या. "शाळेत हे शिकवत नाहीत वाटतं," स्टॅशा. "म्हणून तर तुमच्याकडे आले, काकू." सगळ्या खूश.

मग तिने हळूच विचारलं, "तुमच्या लहानपणी निकोलसचा झगा कुठल्या रंगाचा होता?"

"लाल," बर्नीस म्हणाली. "लाल कसला, निळा!" "माझं लग्न त्याच्यासमोर लागलं, तपकिरी होता!" "तुझं लग्न झालं तेव्हाच तो काळा पडला होता, बाई." जी ती शपथ घ्यायला तयार. बर्नीस नव्वदीची, तीसुद्धा शेवटी म्हणाली, "लालच असावा... की आईचा कोट लाल होता?"

ल्यूबा एकेकीचं तोंड बघत होती. कुणालाच आठवत नाही. मलाही नाही. घरी येताना बोटांवरचं पीठ खरवडत एकसारखी चर्चकडे वळून बघत होती.

२६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस! लिहितानाही हसू येतंय.

प्रार्थना संपल्यावर एक उंच बाई आत आल्या. मिसेस लिंडक्विस्ट. शहरातल्या संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करतात. ल्यूबानेच पत्र पाठवून बोलावलं होतं, आम्हाला पत्ता नाही! बाईंनी शिडी मागितली, भिंग काढलं, वर चढल्या आणि त्या कानापाशी थांबल्या. बराच वेळ.

"हे कुणी केलं?"

फादर बेझिल खाकरले. ल्यूबा पुढे झाली. "मी. तेरा वर्षांची होते."

"कशाने?"

"...थुंकीने."

बाई शिडीवरून खाली बघत म्हणाल्या, "आम्हीही कितीदा थुंकीच वापरतो. एवढं मऊ दुसरं काही मिळत नाही. काम नीट केलंयस. रंगाला धक्का नाही."

फादरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! उन्हाळाभर मेणबत्तीदाण्या घासून घेतल्या होत्या ना पोरीकडून! नंतर म्हणाले, "ल्यूबा, त्या मेणबत्तीदाण्यांबद्दल..." "असू दे फादर, चकचकीत झाल्या होत्या."

बाईंनी सगळी भिंत बघितली. म्हणाल्या, वाचेल. पण घाई करायची नाही, चार-पाच वर्षं लागतील. सामानाचा खर्च चर्चने करावा, त्या शनिवारी येऊन शिकवतील, पण इथले हात कुणाचे तरी लागतील. ल्यूबाने बरंच काही विचारलं. मी शेवटचं तेवढं ऐकलं. बाई सांगत होत्या की या कामाचं खरं शिक्षण पदवीनंतरच असतं. आधी रसायनशास्त्र पक्कं हवं, ते कुठूनही करा.

मी तिथेच बाकावर बसले. मनात नको ती आशा उगवली. म्हटलं, गप गं, म्हातारे.

३० एप्रिल, गुरुवार

शेवटचा गुरुवार. बोटं आखडलीत.

ल्यूबाला म्हटलं, "मार्लबरीला हो म्हण. बाबांनी मनावर घेतलंय, बायकांनी घेतलंय. जा."

ती म्हणाली, "आत्या, तू खोटं बोलतेस तेव्हा चष्मा पुसतेस."

मी चष्मा पुसत होते.

१ मे, शुक्रवार

सकाळी जिन्यावर पावलं वाजली. मी अंडी फेटत होते. वळून बघितलं — अंगात हिरवा सदरा. मार्लबरी.

मी चमचा ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. "छान दिसतोस गं तुला!" म्हणाले. घाईत काहीतरीच बोलले.

"हा शाळेसाठी नाही," म्हणाली. "भिंतीच्या कामाला ठेवते. जाड आहे, डाग पडले तरी चालतील. आज घालून बघितला फक्त. मी डोंगरापलीकडे हो म्हटलंय. काल संध्याकाळी."

मायरन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. "माझ्यामुळे?"

"नाही बाबा. तिकडे दोन वर्षं काचेआडून बघायचं. इथे अख्खी भिंत आहे, आणि रंग कुठला ते कुणाला आठवतसुद्धा नाही. मार्लबरी काय पळून जातंय? पदवीनंतर पुढचं शिकायचंच आहे."

मग तिचा आवाज फाटला. "पण मला ती खोली हवी होती. अजून हवीय. कुणी मला आज शहाणी मुलगी वगैरे म्हणू नका."

आम्ही नाही म्हटलं. मायरनने तिला जवळ घेतलं आणि दोघं तशीच उभी राहिली. अंडी करपली.

संध्याकाळी तळघरात जाऊन तिने सगळ्यांना स्वतः सांगितलं. जमलेले पैसे ज्यांचे त्यांना परत, नाहीतर भिंतीला. स्टॅशाच आधी म्हणाली, "म्हणजे चार गुरुवार आम्ही निकोलसच्या आंघोळीसाठी राबलो? बरं झालं. त्यालाही गरज होतीच." आणि ल्यूबाच्या पाठीत एक धपाटा घातला.

२ मे, शनिवार

पोरगी खोलीत रडतेय, ते चित्र भिंतीवरून काढलंय तिने. मला तिच्यासाठी वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. आणि तरी सकाळपासून मी गुणगुणतेय. देवा, मला माफ कर. ती राहणार!

१६ मे, शनिवार

ल्यूबाच्या खोलीला नवे पडदे शिवायला घेतले, पिवळे. आता कॉलेजची मुलगी, अभ्यासाला चांगला उजेड हवा. मायरनला म्हटलं तिचं टेबल खिडकीपाशी सरकव. तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी म्हणणार होता, मग टेबल सरकवलं.

६ जून, शनिवार

भिंतीचा पहिला दिवस. मिसेस लिंडक्विस्ट एका बाजूला, हिरव्या सदऱ्यातली आमची ल्यूबा उंच मचाणावर, हातात कापसाच्या काड्या. आम्ही बायका मागच्या बाकांवर रांगेने. सकाळभर काही दिसेना. बर्नीसने तर एक डुलकी काढली. दुपारी निकोलसच्या बाहीची एवढीशी कड उघडी पडली.

हिरवी! सदऱ्यासारखी हिरवी!

"मी म्हटलंच होतं," स्टॅशा. काही म्हटलं नव्हतं हिने! पण आज तिला म्हणू दिलं. ल्यूबा वरून माझ्याकडे बघून हसली. अगदी त्या गवतातल्यासारखी, पोटातून.

१४ जून, रविवार

ल्यूबा ऑगस्टपासून कॉलेजजवळच राहणार. दोन मुलींबरोबर मिळून खोली बघून आली. शनिवारी येईल, भिंतीसाठी. मायरनला आधीपासून माहीत होतं. मी आपली धरूनच चालले होते की पाऊण तास तर लांब, घरूनच जाईल!

पिवळे पडदे काढले, इस्त्री केली आणि तिच्या पेटीत तळाशी घातले.

दारात उभी होती. "आत्या, जाऊ ना गं?"

म्हटलं, जा.

चष्मा जागच्या जागी होता.